प्रेअरी गेली कुठे आणि परत आणता येते का? (इलिनॉय, आयोवा, टेक्सासवाले, या इकडे)

मृण्मयी_शिकागो

इलिनॉय राज्याचं टोपणनाव प्रेअरी स्टेट. दोनशे वर्षांपूर्वी इथे साधारण २ कोटी २० लाख एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती, आज धड अवस्थेत उरलीय ती अडीच हजार एकरांच्या आसपास. म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग. इथे नव्याने येणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना मका-सोयाबीनचे चौकोन आणि मधली कापलेली हिरवळ हेच इथलं मूळ रूप वाटतं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी प्रेअरी म्हणजे काय ते. नुसतं गवत नाही. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास ही पुरुषभर उंच गवतं, त्यांच्यामधे कोनफ्लॉवर, कंपास प्लांट, ब्लेझिंग स्टार अशी शेकडो फुलझाडं. बिग ब्लूस्टेम आपल्या ज्वारी-उसाच्याच कुळातलं आहे. वर जेवढं दिसतं त्याहून जास्त जमिनीखाली असतं, ब्लूस्टेमची मुळं आठ-दहा फूट जातात, कंपास प्लांटची तर पंधरा फुटांपर्यंत. ही मुळं दरवर्षी थोडी मरायची, कुजायची, नवी यायची, असं हजारो वर्षं चाललं त्यातून ती काळी माती झाली जिच्यावर आज अख्खा कॉर्न बेल्ट, म्हणजे मक्याचा पट्टा, उभा आहे.

मुळांचं हे जाळं इतकं घट्ट की सुरुवातीचे बिडाचे नांगर त्यात चालायचेच नाहीत, चिकट माती फाळाला लगडायची आणि दर थोड्या वेळाने थांबून खरवडावी लागायची. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावात तुटक्या करवतीच्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी फाळ बनवला. त्यानंतर रेल्वे आली, धान्याला बाजार मिळाला, आणि माणसाच्या एका आयुष्यात जवळजवळ सगळी प्रेअरी उलथली गेली.

उरली कुठे, तर जिथे नांगर जाऊ शकला नाही तिथे. जुन्या रेल्वेलाइनच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींमधे. वेस्टन सिमेटरी प्रेअरी जेमतेम पाच एकर आहे, चारी बाजूंना मका आणि मधे हे बेट. रॉबर्ट बेट्झ नावाचे प्राध्यापक अशा दफनभूमी धुंडाळत फिरायचे आणि तिथलं बी गोळा करायचे. १९७५ मध्ये त्यांनी शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात, त्या कण-त्वरकाच्या वर्तुळाच्या आत, प्रेअरी लावायला घेतली. असं सांगतात की याला वीस-तीस वर्षं सहज लागतील असं ते म्हणाले तेव्हा संचालक रॉबर्ट विल्सन म्हणाले, मग तर आज दुपारीच सुरू करायला हवं. आता तिथे हजारेक एकर प्रेअरी आहे, लोकांना चालत फिरता येतं, पोरांना घेऊन जरूर जा, ऑगस्टमधे जा.

मी आमच्या काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्वमधे, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्रात, व्हॉलंटियर म्हणून जाते. बी गोळा करणं, तण काढणं, थंडीत बकथॉर्न हे बाहेरून आलेलं झुडूप तोडणं. या कामावरून माझं ठाम मत झालंय की लावलेली प्रेअरी आणि मूळची प्रेअरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लावता येते म्हणून मूळची गेली तरी चालेल असं कोणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं. बाकीच्यांचं काय मत?

पाटील_एम्स

चांगला धागा. मी आयोवात शेतीच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करतो त्यामुळे ह्या गोष्टीची दुसरी बाजू रोज बघतो. नांगराचं नाव सगळे घेतात पण अर्ध्या आयोवाची प्रेअरी नांगराने नाही, टाइलने, म्हणजे जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांनी गेली. उत्तर-मध्य आयोवा म्हणजे हिमनदीने सोडलेला सपाट प्रदेश, जागोजागी खळगे, पाणी साठलेलं, ओली प्रेअरी आणि पाणथळी. तिथे आधी भाजलेल्या मातीचे पाइप जमिनीखाली पुरले, आता प्लास्टिकचे, त्यातून पाणी ओढ्यात काढून दिलं तेव्हा कुठे ती जमीन पेरण्याजोगी झाली. आयोवात मूळच्या प्रेअरीचा एक हजारावा भागसुद्धा उरला नाहीये.

आणि तेच पाइप आता शेतातलं नायट्रेट थेट नदीत आणून सोडतात. २०१५ मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या भागातल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर (शेतांचा निचरा सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थांवर) खटला भरला होता, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, पण पाणी पिणारे लोक तेच आणि नायट्रेटही तेच. हे पाणी मिसिसिपीतून खाली मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात मासे जगू शकत नाहीत असा पट्टा तयार होतो.

उपाय म्हणून एक गोष्ट मला मनापासून आवडते. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने नील स्मिथ अभयारण्यात २००७ पासून प्रयोग केले, उतारावरच्या शेतातला फक्त दहा टक्के भाग प्रेअरीच्या पट्ट्यांना दिला तर माती वाहून जाणं ९५ टक्क्यांपर्यंत कमी झालं. ताठ खोडांची गवतं असतात, पाऊस जोराचा आला तरी आडवी पडत नाहीत, पाण्याचा वेग तोडतात. आपल्याकडे बांधावर गवत राखायचे ते आठवा. आता सरकारी योजनेत या पट्ट्यांना पैसेही मिळतात. शेतकऱ्याला अख्खं शेत सोडा म्हणालात तर तो दार लावून घेईल, पण उताराचा जो तुकडा असाही कमी पिकतो तो द्या म्हणालात तर निदान बसून ऐकतो.

शिरीष_ओमाहा

मला थोडं वेगळं वाटतं. जगातली सगळ्यात सुपीक जमीन आहे ही, तिच्यावर धान्य पिकवायचं की फुलपाखरं पाळायची? भूक ही खरी गोष्ट आहे. ज्यांनी ती जमीन फोडली ते गरीब लोक होते, युरोपातून उपाशी आलेले, त्यांना दोष देणं मला पटत नाही.

मृण्मयी_शिकागो

शिरीष, त्या शेतकऱ्यांना दोष मीही देत नाही, त्यांनी किती कष्ट काढले ते त्याच दफनभूमींमधल्या लहान मुलांच्या थडग्यांवरून कळतं. पण अमेरिकेतल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग इथेनॉलसाठी जातो, म्हणजे गाडीच्या टाकीत, आणि उरलेल्यातला मोठा भाग जनावरांच्या खाद्याला. तेव्हा भुकेचा हिशोब सरळ नाही. आणि माती हेच जर भांडवल असेल तर ते संपतंय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे कॉर्न बेल्टच्या साधारण एक तृतीयांश जमिनीवरचा वरचा काळा थर पूर्ण गेलाय, टेकाडांवर सगळ्यात आधी. प्रेअरीने ठेवलेली ठेव आपण व्याजासकट खातोय आणि भरणा काहीच करत नाही.

रेणुका_मॅडिसन

जमीन "फोडली" म्हणताना ती आधी कोणाची होती हे पण लिहायला हवं. पोटावाटोमी, हो-चंक, किकापू, मियामी, सौक, मेस्क्वाकी, आयोवे, हे सगळे लोक इथे राहत होते, आणि प्रेअरी ही त्यांनी सांभाळलेली होती. ते मुद्दाम आग लावायचे, शिकारीसाठी, वाटा मोकळ्या ठेवायला, कोवळं गवत यावं म्हणून. १८३० चा इंडियन रिमूव्हल ॲक्ट आणि १८३३ चा शिकागोचा तह यानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं, आणि माणसांबरोबर आगही गेली. आग थांबल्यावर उरल्यासुरल्या तुकड्यांवर झुडपं चढली. नांगर हे अर्धंच कारण.

मॅडिसनला विद्यापीठाच्या अर्बोरेटममधे (वनस्पती-उद्यानात) कर्टिस प्रेअरी आहे, १९३० च्या दशकात पडीक शेतावर लावलेली. जगातली सगळ्यात जुनी पुन्हा उभी केलेली प्रेअरी म्हणून तिचा उल्लेख होतो. निसर्गसंवर्धनावर लिहिणारे आल्डो लिओपोल्ड त्या कामात होते, आणि मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुण मुलांनी गवताचे ठोंब दुसरीकडून खणून आणून हाताने लावले. पुढे जॉन कर्टिस यांनी तिथे जाळण्याचे प्रयोग केले आणि आगीशिवाय हे टिकत नाही हे दाखवून दिलं. म्हणजे जे मूळ रहिवाशांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं ते शास्त्राला १९४० च्या दशकात कळलं.

अनुजा_क

आग लावतात?? सरळ काडी लावून? आजूबाजूला घरं असतात, मुलं असतात. आणि पक्षी, किडे, त्यांचं काय?

मृण्मयी_शिकागो

अनुजा, अगदी रास्त प्रश्न. बर्नला, म्हणजे अशी ठरवून आग लावायला, परवाना लागतो, प्रशिक्षण घेतलेले लोक लागतात, वाऱ्याची दिशा, वेग, हवेतली आर्द्रता सगळं ठरलेल्या मर्यादेत असेल तरच करतात, नाहीतर रद्द. आधी वाऱ्याच्या खालच्या बाजूने वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश जाळत येतात, म्हणजे तिकडे काळा पट्टा तयार होतो, मग वरच्या बाजूने आग सोडली की ती झपाट्याने धावत येते आणि काळ्या पट्ट्याला भिडून विझते. उंच गवताची ज्वाळा घराएवढी होते पण एका जागी मिनिटभरसुद्धा थांबत नाही.

हे चालतं कसं, तर प्रेअरीच्या गवतांचे कोंब जमिनीच्या आत असतात, वरचं सगळं वाळलेलं जळलं तरी त्यांना धक्का लागत नाही. झुडपांचे डोळे मात्र वर फांद्यांवर, ती होरपळतात. शिवाय युरोपातून आलेली गवतं वसंतात लवकर हिरवी होतात आणि इथली उशिरा, त्यामुळे एप्रिलमधे जाळलं की नेमकी पाहुणी सापडतात. काळी झालेली जमीन उन्हाने लवकर तापते आणि इथल्या गवतांना उठायला मदत होते.

किड्यांबद्दलची तुमची काळजी खरी आहे. कित्येक किडे वाळल्या काड्यांमधे, पाचोळ्यात थंडी काढतात, सगळी प्रेअरी एकदम जाळली तर ते संपतील आणि तुकडा लहान, एकटा असेल तर दुसरीकडून परत यायला कोणी नाही. म्हणून एका वर्षी एक भाग जाळायचा, बाकीचे ठेवायचे. यावरून कामाच्या ठिकाणी वाद होतात, झाडांची बाजू घेणारे आणि कीटकांची बाजू घेणारे, आणि व्हायलाच हवेत.

केटीकर

ह्यूस्टनकडून. आमच्याकडची किनारी प्रेअरी तर लोकांना माहीतही नाही, टेक्सास-लुइझियानात मिळून साधारण ९० लाख एकर होती, आता एक टक्काही नाही. केटी या ह्यूस्टनच्या उपनगरात आपली एवढी मराठी मंडळी राहतात पण ज्या सबडिव्हिजनमधे घर घेतलं ती कशावर बांधलीय हे क्वचितच कोणी विचारतं. भातखाचरं आणि त्याआधी प्रेअरी. २०१७ ला हार्वी चक्रीवादळाच्या पावसात काय झालं ते इथल्या सगळ्यांनी भोगलंय. एवढा पाऊस कुठलीच जमीन पूर्ण पिणार नाही हे मान्य, पण पाणी मुरायला, थांबायला जी जागा होती ती आपण काँक्रीटखाली घातली.

एक चांगली गोष्टही सांगतो. डिअर पार्कला, रिफायनऱ्यांच्या पट्ट्यात, ५१ एकरांचा कधीही न नांगरलेला तुकडा होता, तिथे घरं होणार होती. २०१३ मध्ये लोकांनी सुमारे ४० लाख डॉलर उभे करून तो विकत घेतला. आज तो राखीव आहे.

आणि तुम्हाला एक गोष्ट वाचून धक्का बसेल. इथे दक्षिण टेक्सासमधे जी परदेशी गवतं प्रेअरी गिळतायत त्यातलं एक क्लेबर्ग ब्लूस्टेम, ते म्हणजे आपलं मारवेल! आणि बफेलग्रास म्हणजे आपल्याकडचं अंजन. चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला म्हणून आणलेली. गावी म्हशीला जे आवडीने घालतो तेच इथे उपटत बसायचं म्हणजे कसंतरीच वाटतं, पण जे जिथलं ते तिथेच शोभतं.

सोलापूरकर_माळावरून

मी तिकडे कधी आलो नाही, पण वाचताना सारखं आमचंच वाचतोय असं वाटलं. आमच्याकडे माळरान म्हणजे सरकारदरबारी पडीक. गवत म्हणजे काहीच नाही, झाड म्हणजे सगळं. कुसळी, पवन्या, डोंगरी, शेडा असल्या गवतांच्या माळावर सलग समतल चर खणून ग्लिरिसिडिया नि सुबाभूळ लावली, फोटो काढले, झालं वनीकरण. लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे उघड्या माळाचे जीव, यांना झाडी नकोय. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं आणि आता माळढोक दिसला तर नवल अशी गत. धनगरांची मेंढरं पिढ्यानपिढ्या ज्या माळांवर चरली तिथे कुंपण आलं, नाहीतर सौर पॅनल, नाहीतर प्लॉटिंग.

तिकडे झाडं तोडून गवत वाढवतात हे आमच्या गावात सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. तिकडच्या लोकांना पटतं का हो?

मृण्मयी_शिकागो

नाही पटत, सहजासहजी नाहीच. १९९६ मध्ये शिकागोत याच कारणावरून मोठा वाद पेटला होता, फॉरेस्ट प्रिझर्वमधली झाडं तोडतायत, जाळतायत म्हणून आसपासचे रहिवासी चिडले आणि कुक काउंटीने सगळं पुनरुज्जीवनाचं काम थांबवलं. काही ठिकाणी ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. त्यातून कामाची पद्धत बदलली, आधी शेजाऱ्यांना बोलवायचं, दाखवायचं, कोणतं झाड का काढतोय ते सांगायचं. तुमच्याकडेही मेंढपाळांना बाजूला ठेवून काही होणार नाही असं मला वाटतं, त्यांच्याइतकं त्या गवताला ओळखणारं कोण आहे?

झाडं लावा हे वाक्य सगळीकडे चांगलं नसतं, हे सांगणारे लोक दोन्हीकडे हवेत.

पाटील_एम्स

सोलापूरकर, मेंढरांवरून बायसन (अमेरिकेतला रानगवा) आठवला. इथे आग आणि चराई जोडीने चालायची. बायसन कोट्यवधी होते, १८८० च्या दशकाच्या अखेरीला हजारसुद्धा उरले नाहीत. आता इलिनॉयमधे नाचुसाला २०१४ मध्ये आणि मिडेविनला २०१५ मध्ये कळप आणलेत. मिडेविन म्हणजे जोलिएटचा जुना दारूगोळा कारखाना, १९९६ मध्ये ती जमीन राष्ट्रीय प्रेअरी म्हणून घोषित झाली. बायसन मुख्यतः गवत खातात, फुलझाडं बरीचशी सोडतात, त्यामुळे उंच गवताची दादागिरी कमी होऊन फुलांना जागा मिळते. नुकत्याच जळालेल्या भागात कोवळं गवत असतं म्हणून ते तिकडे जातात, मग दुसरीकडचं गवत वाढतं, तिथे पुढची आग लागते. असं फिरतं चक्र. कॅन्ससच्या कोंझा प्रेअरीवर याचा कित्येक वर्षं अभ्यास चालू आहे. तिथे फ्लिंट हिल्समधे चुनखडी आणि गारगोटी इतकी वर आहे की नांगर चाललाच नाही, म्हणून उंच गवताची सगळ्यात मोठी शिल्लक प्रेअरी तिथे, आणि ती गुरं पाळणाऱ्यांनी दर वसंतात जाळून राखली.

रेणुका_मॅडिसन

मृण्मयी, तुम्ही पहिल्या पोस्टमधे म्हणालात लावलेली आणि मूळची वेगळी. नेमकं काय येत नाही परत? मी अर्बोरेटममधे फिरते तेव्हा मला तरी भरपूर सुंदर दिसतं.

मृण्मयी_शिकागो

सुंदर असतंच. शंभर-दोनशे जातींचं बी पेरलं तर दहा वर्षांत असं काही उभं राहतं की डोळे निवतात, मधमाश्या येतात, हेन्स्लोज स्पॅरोसारखे पक्षी येऊन घरटी करतात. पण काही गोष्टी नुसतं बी टाकून येत नाहीत. कोमँड्रा नावाची एक बुटकी पांढऱ्या फुलांची वनस्पती आहे, आपल्या चंदनाच्या गोत्रातली, आणि चंदनासारखीच शेजाऱ्यांच्या मुळांतून थोडं अन्न घेणारी. मूळच्या प्रेअरीत ती सहज दिसते, लावलेल्या प्रेअरीत ती रुजवता रुजवता लोक हात टेकतात. तसंच मातीतली बुरशी, तसेच काही छोटे नाकतोडे, तुडतुडे जे उडून लांब जात नाहीत, मधे दोन मैल मका असला तर ते येणार कसे? आणि मातीतला कार्बन भरून यायला शतकं लागतात.

म्हणून मला बेल बोल प्रेअरीचं इतकं लागलं. रॉकफर्डला विमानतळाच्या जागेत खडीच्या जमिनीवरची प्रेअरी होती, हिमयुगानंतर कधीही न नांगरलेली, सुमारे ८,००० वर्षांची. कार्गोच्या विस्तारासाठी रस्ता तिच्यातून जाणार होता. २०२१ मध्ये तिथे रस्टी पॅच्ड बंबलबी ही भुंगमाशी सापडली, जी २०१७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, काम थांबलं, लोकांनी मोर्चे काढले, पत्रं लिहिली, पर्यायी रस्त्याचे नकाशे करून दिले. मार्च २०२३ मध्ये बुलडोझर फिरला. तेव्हा कुणी कुणी म्हणत होतं की ठोंब उचलून दुसरीकडे लावू. आठ हजार वर्षांची जमीन ट्रकमधे भरून नेता येत नाही. आम्ही दर शनिवारी घाम गाळून जे उभं करतो ते या उरलेल्या तुकड्यांभोवतीचं कुंपण असायला हवं, त्यांना मोठं करायला, जोडायला. त्यांच्या बदल्यात दाखवायला नव्हे.

शिरीष_ओमाहा

बेल बोलचं मला माहीत नव्हतं. हे वाईट झालं. धान्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण मालाच्या विमानांसाठी ते जाणं हे धान्यासाठी जाणं नाही. पाटीलसाहेब, ते पट्ट्यांच्या योजनेचं सविस्तर लिहा ना, माझ्या ऑफिसातल्या एकाची वडिलोपार्जित शेती आहे, उतारावरची.

पाटील_एम्स

वेगळा धागा काढतो. त्याला सांगा आपल्या काउंटीच्या यूएसडीए (केंद्रीय शेतीखातं) कार्यालयात जाऊन सीआरपी या जमीन राखण्याच्या सरकारी योजनेतल्या प्रेअरी स्ट्रिप्सबद्दल विचार, सीपी-४३ म्हणून नोंद आहे. शेताचा उताराचा नकाशा बरोबर नेला तर काम लवकर होतं.

अनुजा_क

घराच्या मागे छोटासा पट्टा लावायचा असेल तर? शिकागोकडच्या शॉमबर्गजवळ राहते, एचओए (घरमालकांची संघटना, तिचे नियम पाळावे लागतात) आहे.

मृण्मयी_शिकागो

नक्की लावा. इलिनॉयमधे २०२४ मध्ये कायदा झालाय, नीट निगा राखलेली स्थानिक झाडं असतील तर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. तरी कडेने दोन फूट हिरवळ कापलेली ठेवा, लोकांना दिसतं की हे मुद्दाम लावलंय.

आत्ता हिरवळीवर काळं प्लास्टिक किंवा पुठ्ठे घालून ती मारा, पूर्ण उन्हाळा राहू दे. बी नोव्हेंबर-डिसेंबरमधे जमिनीवर नुसतं फेका, पुरू नका, यातल्या बहुतेक बियांना थंडीत ओलं राहिल्याशिवाय उगवायचं कळत नाही. लहान जागेत बिग ब्लूस्टेम नको, सगळं व्यापतं, त्याऐवजी लिटल ब्लूस्टेम आणि प्रेअरी ड्रॉपसीड घ्या. बटरफ्लाय मिल्कवीड घ्याच. ते आपल्या रुईच्या कुळातलं, आणि रुईवर जसं फुलपाखराच्या अळ्या वाढतात तशाच यावर मोनार्कच्या. पहिल्या वर्षी वर काही दिसणार नाही, फक्त तण दिसेल, ते सहा-आठ इंचांवर कापत राहा, रोपं खाली मुळं धरत असतात. मोठ्या दुकानातली "वाइल्डफ्लॉवर मिक्स" पाकिटं घेऊ नका, त्यात युरोपातली फुलं असतात. आपल्या भागातल्या झाडांपासून काढलेलं बी विकणाऱ्या नर्सऱ्या आहेत आणि बहुतेक काउंट्यांमधे मे महिन्यात स्थानिक रोपांची विक्री असते, तिथे जा. आणि प्रिझर्वमधून गुपचूप बी तोडून आणू नका, परवानगी लागते. ऑक्टोबरमधे व्हॉलंटियर म्हणून बी गोळा करायला या, तिथे एकेक झाड ओळखायला शिकाल, माझ्याबरोबर यायचं असेल तर निरोप टाका.